न तापणारा ॲम्प्लिफायर

मित्रांनो, जवळ या आणि माझ्या पाठीवर हात ठेवा. थंड लागलो ना? मी चालू असतानाही एवढाच थंड असे. सगळं बिघडत गेलं ते तिथूनच.

मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. टेपमधून किंवा रेडिओतून येणारा बारीकसा आवाज मोठा करून स्पीकरच्या हवाली करायचा, एवढंच माझं काम. माझे भाऊबंद तुम्ही लग्नात पाहिले असतील. ते तापतात. इतके तापतात, की मार्गशीर्षातल्या लग्नात म्हातारे लोक नवरदेवाला सोडून त्यांच्याभोवती हात शेकत बसतात. मिळालेल्या विजेतली अर्धी ते आवाजाला देतात आणि अर्धी हवेला. मी तसा उधळ्या नाही. मी चालू होतो, बंद होतो, पुन्हा चालू, पुन्हा बंद, असं सेकंदाला साठ हजार वेळा. किती क्षण चालू राहिलो आणि किती क्षण बंद, त्यातून गाणं उमटतं. बंद असताना वीज जळत नाही आणि चालू असताना वाया जात नाही, म्हणून मी तापत नाही.

ऐकायला हे फार गुणाचं वाटतं. पण या चालू-बंदमधून एक शिट्टी निघते. ती माणसाला ऐकू येत नाही, कुत्र्यालाही येत नाही. ती फक्त रेडिओला ऐकू येते.

हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. मी ऐकत नाही मित्रांनो, मी फक्त बोलतो.

मला देवीदासनं बनवलं. तो तिगाव स्टेशनावर सिग्नलच्या तारांची देखभाल करायचा आणि राहायचा पांढुर्ण्याला, भाड्याच्या दोन खोल्यांत. साल एक्क्याऐंशी. नागपूरच्या फुटपाथवर त्याला इलेक्ट्रॉनिक्सचं एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं. त्यात माझा नकाशा होता. असला ॲम्प्लिफायर तोवर पांढुर्ण्यात काय, नागपुरातही कोणी पाहिला नव्हता. चांगल्या कंपनीचा ॲम्प्लिफायर घेण्याची देवीदासची ऐपत नव्हती, पण चांगलं ऐकण्याची हौस मात्र होती. घरातला रेडिओ विकून त्यानं माझे ट्रान्झिस्टर आणले. पुढं जे झालं त्यात या विक्रीचाही हात आहे.

तो तारांना सोल्डरनं डाग द्यायचा तेव्हा त्याची बायको इंदू त्या धुरात डोळे बारीक करून बसायची.

"एवढ्या टिचभर पेटीतून आवाज निघन?"

"निघन."

"आन् तापणार नाही?"

"बिल्कुल नाही."

"जे तापत नाही त्याच्यावर माहा भरोसा नाही," इंदू म्हणाली. "चूल तापते, इस्तरी तापते, मामाजी तापतात. मंग त्यायचं काम होते."

मामाजी म्हणजे तिचा सासरा, हिरामण. तो पुढं येईल. येऊ नये असं मला वाटतं, पण येईल.

मासिकात एक ओळ चौकटीत छापली होती: पेटी लोखंडाचीच असावी. देवीदासनं ती वाचली, दोनदा वाचली, आणि त्याला वाटलं, लोखंड सांगितलं ते गरमी बाहेर फेकायला. हा तर तापतच नाही. मग लोखंड कशाला? तो संत्रा मंडीत गेला. तिथं मोडक्या पेट्यांचा डोंगर पडलेला असे. त्यातल्या दोन फळकुटांची त्यानं माझी पेटी केली आणि उरलेल्या फळ्यांतून स्पीकरचे दोन खोके. माझ्या डाव्या कुशीवर आजही छापलेलं आहे: "दिल्ली. आपटू नये." दिल्लीला मी गेलो नाही. आपटलो मात्र आहे.

लोखंड गरमीसाठी सांगितलं नव्हतं, मित्रांनो. ते शिट्टी आत कोंडण्यासाठी सांगितलं होतं.

पहिल्यांदा मला चालू केलं ती माघातली संध्याकाळ होती. देवीदासनं मागून आणलेल्या टेपला मला जोडलं आणि एक कॅसेट लावली. इंदू भाकरीचं पीठ मळत होती. तिचा हात थांबला.

"बाईनं श्वास घेतला," ती म्हणाली.

"कोणत्या बाईनं?"

"गाणाऱ्या. मधात. मले आयकू आला."

देवीदासनं माझ्याकडं असं पाहिलं की काय सांगू. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक ते. ती दोघं पीठ तसंच ठेवून कॅसेटची दुसरी बाजूही ऐकत बसली. स्वस्तातल्या, फळकुटाच्या, थंड ॲम्प्लिफायरमधून घरात गाणं चांगलं वाजतं का, असं मला कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. वाजतं. फार चांगलं वाजतं.

त्याच वेळी तिसऱ्या घरात पुंडलिकराव हवामान ऐकत होते. गल्लीतला सगळ्यात मोठा, तीन बँडचा रेडिओ त्यांचा. निवेदक म्हणाला, "येत्या चोवीस तासांत नागपूर विभागात," आणि पुढं नुसती शिट्टी. पुंडलिकरावांनी रेडिओला थापट मारली. मग गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांकडं पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. मिरच्या तशाच राहिल्या. पहाटे गल्लीच्या नालीतून लाल मिरच्या एकामागोमाग एक, रांगेनं, वाहत गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्याहून वाईट झालं. देवीदासनं कॅसेटची बाजू बदलण्यासाठी मला जरा बंद केलं. तेवढ्यात गल्लीतल्या रेडिओंना वाचा फुटली आणि ते एका सुरात म्हणाले, "यांचे आज पहाटे दीर्घ आजाराने निधन झाले. ते शहात्तर वर्षांचे होते." मग मी पुन्हा चालू झालो.

कोण गेलं ते कोणालाच कळलं नाही. पण शहात्तर वर्षांचं कोणीतरी मोठं माणूस गेलं, हे नक्की होतं. त्या संध्याकाळी गल्लीत तीन चुली पेटल्या नाहीत. पुंडलिकरावांच्या शकुबाई पदर तोंडाला लावून ओट्यावर बसल्या. येणारा-जाणारा विचारी, "कोण गेलं हो बाई?" त्या म्हणत, "मालूम नाही. पण शहात्तरचे होते." विचारणाराही मग खाली बसे. सकाळी पेपरातून कळलं की गेलेला माणूस परदेशातला कोणी गणिताचा प्रोफेसर होता. शकुबाई म्हणाल्या, "मंग काय झालं. कोणाचा तरी बाप होता ना." आणि त्या पुन्हा थोड्या रडल्या.

आता गल्ली कारण शोधू लागली. कारण भिंतीपलीकडं होतं, थंड होतं, त्याच्यावर 'आपटू नये' लिहिलेलं होतं. तिकडं कोणी पाहिलं नाही. देवीदासकडं तर रेडिओच नव्हता, मग रेडिओच्या रोगाचा त्याच्या घराशी संबंध काय?

कारण पुंडलिकरावांनी शोधलं. त्या काळी मोठा रेडिओ घरात ठेवायचा तर पोस्टातून लायसन्स काढावं लागे आणि दर वर्षी त्यावर शिक्का मारून घ्यावा लागे. गल्लीत कोणीच मारला नव्हता.

"पोस्टानं मशीन बसवली," पुंडलिकराव म्हणाले. "ज्याचं लायसन्स नाही त्याच्या गल्लीत शिट्टी सोडते."

गल्लीत टपाल वाटणारे भैय्याजी समोरच होते. ते म्हणाले, "राजेहो, आमच्या पोस्टात धड तराजू नाही. मशीन कुठून आणू?"

"पुलिस सांगते का, उद्या धाड टाकून राहिलो म्हणून?" पुंडलिकरावांनी विचारलं.

भैय्याजींनी टपालाची पिशवी खांद्यावर टाकली. ते निघून गेले, आणि ते निघून गेले हाच पुरावा ठरला. सोमवारी सगळी गल्ली रेडिओची पुस्तकं घेऊन पोस्टात उभी राहिली. शिक्के पडले. आणि मित्रांनो, त्याच सोमवारपासून देवीदासची ड्यूटी संध्याकाळची लागली. तो घरी नाही, म्हणजे मी बंद. आठ दिवस गल्लीतले रेडिओ झऱ्यासारखे वाहिले. पुंडलिकराव कोपऱ्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला फक्त मान हलवून दाखवत.

आठ दिवसांनी देवीदास सकाळच्या ड्यूटीवर आला. संध्याकाळी शिट्टी.

"कोणीतरी राह्यलं," पुंडलिकराव म्हणाले.

घरोघर तपासणी झाली. सगळ्यांचे शिक्के होते. उरल्या कोपऱ्यावर फुटाणे विकणाऱ्या शांताबाई. एकट्याच राहायच्या.

"शांताबाई, तुमचं लायसन्स दाखवा."

"माह्याजवळ रेडिओच नाही बाप्पा."

"म्हणूनच तर शंका येऊन राहिली," पुंडलिकराव म्हणाले.

शेवटी पुंडलिकरावांनी आपल्या माळ्यावरच्या मोडक्या रेडिओचा नंबर देऊन शांताबाईंच्या नावानं लायसन्स काढलं. ज्या दिवशी ते निघालं त्या दिवशी माझा एक ट्रान्झिस्टर उडाला. देवीदासला नागपूरहून नवा मिळेपर्यंत पंधरा दिवस गेले. पंधरा दिवस गल्लीत शिट्टी नाही. शांताबाईंनी लायसन्स काचेत बसवून भिंतीवर लावलं. त्यांच्या घरात सरकारी शिक्क्याचा तो पहिला कागद होता.

माणसं अशी निश्चिंत झाली ना, की मला भीती वाटते.

आता इंदूचं सांगतो, कारण खरं नुकसान तिचं व्हायचं होतं. इंदू निंदणाची गाणी म्हणायची. कपाशीत ओळीनं बसून बाया तण काढतात, तेव्हा ऊन विसरायला म्हणतात ती गाणी. तिच्या आईची, आजीची, आणि काही तिनंच जुळवलेली. देवीदासनंच तिचा अर्ज आकाशवाणीच्या नागपूर केंद्राला पाठवला होता. आवाजाची परीक्षा झाली, ती पास झाली, एकदा जाऊन रेकॉर्डिंग करून आली. आता पत्र आलं होतं: सोळा एप्रिल, संध्याकाळी पावणेआठ, लोकगीतं, दहा मिनिटं. आणि त्याच्यासोबत दुसरा कागद: पुढच्या रेकॉर्डिंगला याल का, सही करून वीस तारखेच्या आत कळवा.

त्या सहीवर हिरामण बसला होता. हिरामणनं वीस वर्षं पांढुर्ण्याच्या जिनिंगमध्ये काढली होती. सरकी आणि रुई वेगळी करता करता यंत्रांच्या खडखडाटात त्याचा एक कान साफ गेला होता आणि दुसरा अर्धा. आता तो मोहगावजवळ आपली तीन एकर करायचा. माणूस वाईट नव्हता. पण गावात पारावर लोक त्याला म्हणायचे, "हिरामण, तुही सून नागपूरले गाते म्हणते. आमच्या रेडिओत तं नाही आयकू आली बावा. नागपूरले जाते हे खरं. गाते का नाही, कोणाले मालूम?" आणि हसायचे. अर्ध्या कानाला हसणं मात्र पूर्ण ऐकू येतं.

तो पांढुर्ण्याला आला आणि खाटेवर बसून म्हणाला, "मी माह्या कानानं आयकीन. रेडिओतून आयकलं तं त्या दुसऱ्या कागदावर सही करजो. नाही आयकलं तं कागद चुलीत. मंग नागपूर बंद."

"बाबा, तुमाले आयकू येत नाही त्यात तिचा काय दोष?" देवीदास म्हणाला.

"मंग आयकू येईन असं कर. तू तं लय मोठा इंजिनेर हायेस."

आणि देवीदासनं माझ्याकडं पाहिलं.

बेत असा ठरला. सोळा तारखेला अंगणात सगळी गल्ली बसेल. पुंडलिकरावांचा तीन बँडचा रेडिओ आणायचा, त्याचा आवाज मला द्यायचा, मी तो मोठा करीन, आणि अंगणाच्या दोन कोपऱ्यांत टांगलेल्या दोन खोक्यांतून इंदूचा आवाज असा निघेल की हिरामणचा मेलेला कानसुद्धा उठून बसेल. खोक्यांपर्यंत देवीदासनं लांबच लांब तारा ओढल्या, या भिंतीवरून त्या भिंतीवर. शिट्टीला एवढीच कमी होती. लाकडातून ती आधीच गळत होती. आता तिला चढायला दोन तारा मिळाल्या.

इंदूला मात्र शंका आली. गाणाऱ्या माणसाचा कान तो.

"अहो," पंधरा तारखेला ती म्हणाली, "तुमी तिगावले असले की शकुबाईचा रेडिओ चांगला बोलते. तुमी हे लावलं की शिट्टी मारते."

"लायसन्सचा घोळ होता तो. मिटला."

"शांताबाईच्या लायसन्सनं?"

"तू पण ना. लाकडाची पेटी कुठं शिट्टी मारते का?"

"एकदा रेडिओ जोडून तं पाहा."

देवीदास पुंडलिकरावांकडं गेलाही. पुंडलिकराव म्हणाले, "उद्या मी स्वतः घेऊन येईन. आज नाही. रेडिओ म्हणजे काय पाटा-वरवंटा हाये, शेजाऱ्याले देऊन टाकाले?" देवीदास परत आला. इंदूनं उद्याची साडी घडी करून उशीखाली ठेवली आणि दिवा लावायला उठली. मी फळीवर होतो. मी काहीच बोललो नाही. मला कोणी चालू केलं नव्हतं.

सोळा तारखेला सात वाजताच अंगण भरलं. भैय्याजी आले. शांताबाई आपलं काचेतलं लायसन्स पदराखाली धरून आल्या, म्हणाल्या, "असू द्या, कामी येईन." ज्यांची लेकरं लहान त्या बाया घरीच थांबल्या, पण रेडिओ लावून, खिडक्या उघड्या ठेवून. हिरामण मधोमध खाटेवर बसला, चांगला कान पुढं करून. सासऱ्यासमोर म्हणून इंदू डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी उभी.

साडेसातला पुंडलिकराव आले. रेडिओ त्यांनी उपरण्यात गुंडाळून, छातीशी धरून आणला. टेबलावर ठेवला. लावला. नागपूर केंद्र लख्ख आलं. कोणीतरी कपाशीवरच्या अळीबद्दल बोलत होतं. सगळ्यांनी ते फार आदरानं ऐकलं.

मी अजून बंद होतो. देवीदास माझ्या शेजारी जेवायला हात धुऊन बसावं तसा बसला होता. पावणेआठला निवेदिका म्हणाली, "आता ऐका लोकगीतं. गायिका," आणि देवीदासनं रेडिओची तार माझ्यात खुपसली आणि माझं बटण दाबलं.

मी जागा झालो. साठ हजार वेळा चालू, साठ हजार वेळा बंद.

दोन्ही खोक्यांतून शिट्टी निघाली. लांब, सरळ, न थांबणारी. जी शिट्टी आजवर गल्लीनं बारीक ऐकली होती ती आता मीच मोठी करून दिली. आणि घराघरांतल्या खिडक्यांतूनही तीच निघाली, कारण घराघरांतल्या रेडिओंनीही मलाच ऐकलं.

देवीदासनं आवाज वाढवला. त्याला वाटलं, वाढवला की मागून गाणं येईल. शिट्टी वाढली. माझ्या पोटात इंदूचा आवाज आलाच नाही मित्रांनो. मला जे दिलं ते मी मोठं केलं, आणि मला माझीच शिट्टी दिली जात होती.

"कोणाचं राह्यलं?" पुंडलिकराव उभे राहिले. "कोणाचं लायसन्स राह्यलं?"

सगळे एकमेकांकडं पाहू लागले. मग सगळे देवीदासकडं पाहू लागले.

"तुयं?"

"माह्याजवळ रेडिओच नाही काका."

"शांताबाईजवळ तरी कुठं हाये? तिनं काढलं का नाही?"

शांताबाईंनी पदराखालून काच काढून सगळ्यांना दाखवली.

"भैय्याजी, याले आत्ताच्या आत्ता लिहून द्या," कोणी म्हणालं.

"पोस्ट पाचला बंद होते," भैय्याजी म्हणाले. "आणि लायसन्स मी देत नाही. मी टपाल वाटतो."

"मंग मशीन बंद करायला सांगा."

"मशीन नाही."

"अजूनही नाहीच म्हणून राहिला हा माणूस."

पाच मिनिटं गेली. सहा गेली. दहा मिनिटांचा कार्यक्रम. नागपूरहून इंदू गात होती, नक्की गात होती, आणि पांढुर्ण्याच्या त्या गल्लीत ती पोचत नव्हती. खाटेवर हिरामणनं हळूहळू मान वळवली. त्याला शिट्टी बारीक ऐकू येत असावी. लोकांची तोंडं मात्र हलताना दिसत होती. त्याचा चेहरा पारावर बसलेल्या माणसाचा झाला. तो म्हणाला, "चला. समजलं मले," आणि चपला शोधायला पाय खाली सोडला.

तेव्हा इंदू भिंतीपासून सुटली. डोक्यावरचा पदर घसरला, तो तिनं उचलला नाही. एवढ्या पुरुषांमधून, सासऱ्याच्या खाटेला वळसा घालून ती सरळ माझ्याकडं आली.

"इंदू, हात नको लावू, शॉक बसन," देवीदास म्हणाला.

तिनं भिंतीतून माझा प्लग ओढला.

अंगण गप्प झालं. पुंडलिकरावांचा रेडिओही गप्प, कारण त्याचा आवाज देवीदासनं माझ्या पोटात वळवलेला होता आणि मी आता मेलो होतो. आणि मग शेजारच्या घरातून, समोरच्या घरातून, गल्लीच्या टोकाच्या घरातून, गल्लीतल्या पंधरा उघड्या खिडक्यांतून, पंधरा लहानमोठ्या, फाटक्या-तुटक्या रेडिओंतून एकाच वेळी इंदू गाऊ लागली.

"निंदता निंदता बाई, तास सरता सरेना,
माही सावली बोलते, आता मी काही वाकेना."

पंधरा घरांतून आल्यावर आवाज लहान राहत नाही. हिरामण एका पायात चप्पल घालून थांबला. त्यानं इकडं कान केला, तिकडं कान केला. जिकडं करी तिकडून सून गात होती. मग त्यानं इंदूच्या तोंडाकडं पाहिलं. तोंड बंद होतं. ती माझा प्लग हातात धरून उभी होती, तिच्या ओठांची हालचाल नव्हती, आणि सगळी गल्ली तिच्या आवाजानं भरली होती. म्हाताऱ्याच्या मनातली सगळी शंका त्या बंद तोंडानं काढून टाकली.

एक ओळ, पुन्हा तीच ओळ, आणि निवेदिकेनं तिचं नाव घेतलं. पूर्ण नाव. पांढुर्ण्यासकट.

"पुढचं?" हिरामणनं विचारलं.

"झालं मामाजी. दहा मिनिटाचं होतं."

"मंग बाकीचं कुठं गेलं?"

इंदूनं माझ्याकडं बोट केलं. "बाकीचं यानं खाल्लं."

हिरामण उठून माझ्याजवळ आला. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. मग देवीदासला म्हणाला, "खाल्लेलं कोण भरून देईन? तुहा बाप? तो कागद आण. कुठं अंगठा लागते माहा, सांग."

"तुमचा नाही लागत बाबा. तिची सही लागते."

"मंग तिले पेन दे ना बे. पाहून काय राहिला."

तीन दिवस देवीदास माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्यानं ते मासिक काढलं, चौकटीतली ओळ पुन्हा वाचली आणि कपाळ भिंतीला टेकवून बसला. मग त्यानं मला तेलाच्या रिकाम्या पिप्यात घातलं, पिपा अर्थिंगच्या तारेनं जमिनीला जोडला, स्पीकरच्या वाटेवर तारेची वेटोळी बसवली. शिट्टी कमी झाली. गेली नाही. पिंपळाएवढं दुखणं त्यानं तुळशीएवढं केलं, असं म्हणा. पण गल्लीचं मत बदललं नाही. पुंडलिकराव म्हणाले, "मी पहिलेच म्हणून राहिलो होतो. लायसन्स या पेटीचं राह्यलं होतं." शेवटी शांताबाईंनी आपलं काचेतलं लायसन्स आणून माझ्यावर ठेवलं. म्हणाल्या, "माह्याजवळ रेडिओ नाही, याच्याजवळ लायसन्स नाही. राहू द्या." ते अजून माझ्याजवळ आहे. पांढुर्ण्यातला मी बहुधा एकमेव ॲम्प्लिफायर, ज्याला सरकारी परवानगी आहे.

इंदू नागपूरला जाऊ लागली, वर्षातून दोनदा-तीनदा. तिचा कार्यक्रम असतो त्या दिवशी हिरामण मोहगावहून येतो. आता सत्याऐंशी साल आहे, म्हातारा थकलाय, पण येतो. घरात शिरला की आधी माझ्याकडं येतो, माझा प्लग भिंतीतून काढतो आणि कार्यक्रम संपेपर्यंत मुठीत धरून बसतो. मी त्या दिवसापासून कोणाच्याही कार्यक्रमाच्या वेळी चालू झालेलो नाही. तरी तो मूठ सोडत नाही. मला त्याचा राग येत नाही. उरलेले दिवस मी फळीवर, पिप्यात, धूळ खात असतो. कधी तरी दुपारी गल्ली झोपलेली असताना देवीदास मला हळूच लावतो, आणि आम्ही दोघं एखाद्या बाईचा श्वास ऐकतो.

मित्रांनो, मला फेकू नका. फेकलं तर कोणीतरी उचलून आणील, आणि त्याला ही गोष्ट माहीत नसेल. देवीदास म्हणतो, माझ्यासारखे एक दिवस घरोघरी येतील, खिशात मावतील एवढे, आणि संत्र्यांपेक्षा स्वस्त. आले तर घ्या. चांगलं वाजतात. पण आणल्यावर त्यांना लोखंडात ठेवा, तारा आखूड ठेवा, सांगितलेलं एकही वेटोळं गाळू नका. आणि बटण दाबण्याआधी शेजारच्या दारावर टकटक करून विचारा, की तुमच्या घरात आत्ता कोण गाऊन राहिलं.